साठ डॉलरचे खात्यात किती आले?

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला, ती सावंतवाडीची लाकडी खेळणी ऑनलाइन विकायला लागलीय आणि सुरुवातीलाच एक ऑर्डर थेट शारजाहून आली, तर तिचा प्रश्न असा की "अगं तू बाहेरून पैसे घेतेस ना, कसे घ्यायचे?" मी तिला व्हॉइस नोट पाठवायला बसले आणि चौथी नोट संपल्यावर लक्षात आलं की हे एका दमात सांगून होणारं नाही, त्यापेक्षा नीट लिहून काढलेलं बरं, म्हणजे तिच्यासारख्या अजून कुणाला उपयोगी पडेल.

माझं दुकान कोल्हापुरी चपलांचं, आमच्याकडच्या भाषेत पायताणांचं. सुभाषनगरातल्या दोन घरांकडून माल घेते, एका घरी मामा आणि त्यांचा मुलगा करतात, दुसऱ्या घरी सगळं वेणीकाम काकू आणि त्यांची सून करते. फोटो, साइट, पॅकिंग, कुरियर, हिशोब हे माझ्याकडे. दर शनिवारी त्यांचे पैसे चुकते करायचे हा नियम पहिल्या दिवसापासूनचा आणि तो मोडायचा नाही हे माझं मलाच सांगून ठेवलेलं, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या पैशाचं गणित चुकलं तर ते माझ्या पदरातून जातं, त्यांच्या नाही. म्हणून मला या विषयात एवढा जीव घालावा लागला.

पहिली परदेशी ऑर्डर डॅलसची. पुण्यातल्या मैत्रिणीची बहीण, दोन जोड्या हव्या होत्या, एक कापशी आणि एक नाजूक लेडीज. साइटवर तेव्हा फक्त भारतातलं पेमेंट चालायचं, तिचं अमेरिकन कार्ड काही केल्या लागेना, मग ती म्हणाली की जाऊ दे, माझी मावशी कोथरूडला असते, ती तुम्हाला जीपे करेल. मावशींनी पाच मिनिटात पैसे पाठवले, मी पार्सल डॅलसला पाठवलं, सगळे खूश. मग तशाच सात-आठ ऑर्डरी झाल्या, कुणाचा भाऊ नाशिकहून पाठवायचा, कुणाचे सासरे ठाण्याहून. एक पैसा फी नाही. मला वाटलं यापेक्षा सोपं काय असतं?

मार्चमध्ये सीएंकडे कागद घेऊन गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "माल अमेरिकेला गेला, पैसे कोथरूडहून आले, मग ही निर्यात धरायची की लोकल विक्री?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागदोपत्री माल देशाबाहेर गेलेला, म्हणजे त्याच्या बदल्यात परकीय चलन देशात यायला हवं आणि ते बँकेच्या सिस्टीममध्ये त्या शिपिंग बिलासमोर, म्हणजे कस्टमच्या निर्यात कागदासमोर, लागायला हवं, तरच ती निर्यात पूर्ण. भारतात राहणाऱ्या कुणीतरी आपल्या बचत खात्यातून रुपये टाकले तर ते त्या जागी धरता येत नाहीत. त्या सात-आठ ऑर्डरींवर मी शेवटी जीएसटी भरून मोकळी झाले. आता कुणी मावशी-काकांचं नाव काढलं की मी नम्रपणे सांगते, चालेल की, फक्त ऑर्डर मावशींच्याच नावाने द्या, बिल त्यांचं, माल त्यांच्या पत्त्यावर कोथरूडला, पुढे त्या पाठवतील भाचीला. म्हणजे ती साधी सरळ महाराष्ट्रातली विक्री होते. भाचीला थेट हवं असेल तर पैसेही भाचीकडूनच यायला हवेत.

कागदांचं भराभर सांगते कारण ते वाटतं तेवढं अवघड नाही. आयईसी म्हणजे इम्पोर्ट एक्सपोर्ट कोड डीजीएफटीच्या, म्हणजे सरकारच्या परदेशी व्यापार खात्याच्या, साइटवर काढायचा, फी ५०० रुपये, नंबर म्हणजे आपला पॅनच, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तिथे जाऊन माहिती अपडेट करायची, काही बदललं नसलं तरी, नाहीतर कोड बंद पडतो. जीएसटी असेल तर एलयूटी नावाचं हमीपत्र भरायचं, म्हणजे निर्यातीवर कर न लावता माल पाठवता येतो, तेही दर आर्थिक वर्षी नव्याने. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेच्या नंबरचं, पत्र घ्यायचं. आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशापोटी आले त्याचा कोड, विचारतील तेव्हा गोंधळायचं नाही, आपल्यासारख्यांचे पैसे माल निघायच्या आधी येतात म्हणून पी०१०३, मालाच्या निर्यातीपोटी आलेली आगाऊ रक्कम. मी पहिल्यांदा ड्रॉपडाउनमध्ये जे पहिलं दिसलं ते टाकलं होतं आणि नंतर बँकेत दोन चकरा मारून ते बदलून घ्यावं लागलं, तेवढं टाळा.

आता मुख्य गोष्ट.

कागद झाल्यावर मी एका परदेशी पेमेंट सेवेत खातं उघडलं. नाव सांगत नाही, दोष त्यांचा नाही, त्यांच्या अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. फी साडेचार टक्के, ती मला माहीत होती आणि किमतीत धरलेली होती. ६० डॉलरची जोडी विकली, डॉलर तेव्हा बाजारात ८८ रुपयांच्या आसपास, म्हणजे ५,२८० रुपये. साडेचार टक्के फी म्हणजे २ डॉलर ७० सेंट गेले, राहिले ५७ डॉलर ३० सेंट, म्हणजे ५,०४२ रुपये यायला हवेत. आले ४,८४० च्या आसपास. दोनशे रुपये कमी. मला आधी वाटलं बँकेने काही कापलं असेल, बँकेत गेले, तिथले साहेब म्हणाले, मॅडम आमच्याकडे एवढेच आले.

मग रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले आणि उलटं गणित केलं. ४,८४० भागिले ५७.३०. उत्तर आलं ८४ रुपये ४७ पैसे. म्हणजे डॉलर बाजारात ८८ ला असताना मला ८४.४७ ने दिलेला, जवळपास ४ टक्के खाली. फी म्हणून जे कापलं ते मला स्क्रीनवर दिसत होतं आणि दरात जे कापलं ते कुठेच आकड्यात दिसत नव्हतं, ते दोन्ही जवळजवळ सारखेच होते! फीमध्ये २३८ रुपये, दरात २०२ रुपये. एका जोडीमागे ४४० रुपये, आणि त्या जोडीत माझ्या हातात सगळं जाऊन राहायचे सहाशे.

त्या रात्रीपासून मी एक वही केली, ती अजून चालू आहे. पाच रकाने. गिऱ्हाइकाने किती दिले आणि कुठल्या चलनात, त्या दिवशीचा बाजारातला दर, फी किती, खात्यात रुपये किती, आणि शेवटच्या रकान्यात खात्यातले रुपये भागिले फी वजा जाता उरलेले डॉलर, म्हणजे मला खरा मिळालेला दर. एक्सेलमध्येही करता येईल पण मला वहीत हाताने लिहिलं की आकडा डोक्यात बसतो. पंधरा ऑर्डरी लिहिल्या की कुठली सेवा स्वस्त आणि कुठली महाग हे कुणाला विचारावं लागत नाही.

पुढे मी भारतीय गेटवेवर, म्हणजे साइटवर कार्डाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणाऱ्या कंपनीकडे, परदेशी कार्डं चालू करून घेतली. त्याची फी ३ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३.५४ टक्के पडते, आणि दर बाजारापेक्षा साधारण १ टक्का खाली मिळतो असं माझ्या वहीतलं सरासरी गणित सांगतं. त्याच ६० डॉलरचे आता ५,०४२ येतात. आधीपेक्षा दोनशे रुपये जास्त, दर जोडीमागे. वर्षाला शंभर जोड्या बाहेर गेल्या तर वीस हजार. वेणीवाल्या काकूंची मजुरी वाढवून द्यायची माझी कधीपासूनची इच्छा होती, ती याच पैशातून दिली, दुसरीकडून कुठूनच ते जमलं नसतं.

म्हणून कुणी "कुणाची फी कमी आहे?" असं विचारलं की मी म्हणते आधी दर विचारा. फी सगळे सांगतात. "माझ्या ६० डॉलरचे आज खात्यात किती रुपये येतील?" एवढाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर रुपयातच मागायचं, टक्क्यात घ्यायचं नाही.

हे गेटवे निवडताना एक बघून घ्या, रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ ला परदेशी व्यवहार हाताळणाऱ्या पेमेंट कंपन्यांसाठी नवीन नियम काढले, त्यात तेव्हा एका वस्तूमागे २५ लाखांपर्यंतची मर्यादा होती, म्हणजे चपलावाल्यांनी काळजी करायचं कारण नाही, पण आपली कंपनी त्या परवान्यात बसते का हे रिझर्व्ह बँकेच्या साइटवरच्या यादीत बघता येतं. पाच मिनिटाचं काम आहे, करा. स्ट्राइप या परदेशी पेमेंट कंपनीबद्दल पण बरेच जण विचारतात, परदेशी ट्युटोरियलमध्ये सगळीकडे तेच दिसतं ना, तर भारतात मे २०२४ पासून ते नवीन खाती फक्त निमंत्रणावर देतात, त्यामुळे तो व्हिडिओ बघून तासभर घालवू नका.

दर कळला, आता चलन. सुरुवातीला मी साइटवर एक प्लगइन टाकलं ज्यात वरच्या कोपऱ्यात झेंडे येतात, अमेरिकेचा झेंडा दाबला की सगळ्या किमती डॉलरमध्ये दिसतात. छान दिसायचं. पण ते फक्त दाखवण्यापुरतं होतं, कार्डावर पैसे रुपयातच कापले जायचे. न्यू जर्सीच्या एका ताईंनी ६० डॉलर बघून ऑर्डर दिली, त्यांच्या कार्डाला लागले ५,२८० रुपये, मग त्यांच्या बँकेने आपल्या दराने त्याचे डॉलर केले, वर परदेशी व्यवहाराची फी लावली आणि स्टेटमेंटला आले ६२ डॉलर आणि काही सेंट. त्यांचा मेल आला, अगदी सौम्य भाषेत, की तुम्ही साठ सांगितले आणि बासष्ट घेतले. मी त्यांना दोन डॉलर परत करू शकत नव्हते कारण मी घेतलेच नव्हते. पुढच्या ऑर्डरीत एक चामड्याचं किचेन फुकट टाकून पाठवलं, पण विश्वासाला जो तडा जातो तो किचेनने भरत नाही ना. त्यानंतर ठरवलं, जे चलन दिसेल त्याच चलनात कार्डावर पैसे लागले पाहिजेत, नाहीतर ते चलन साइटवर दाखवायचंच नाही. प्लगइन घेताना हे तपासा, बहुतेक फुकटचे फक्त दाखवतात.

दुसरं म्हणजे किमती आपोआप बदलू द्यायच्या नाहीत. रोजच्या दराने ५९.३७, उद्या ५९.८१, असं दिसलं की माणूस थांबतो आणि उद्या बघू म्हणतो. आणि मलाही व्हॉट्सॲपवर कुणी किंमत विचारली की सांगता यायची नाही. मी आता प्रत्येक चलनात हाताने किंमत ठरवते, गोल आकडा, आणि महिन्याच्या एक तारखेला एकदा बघते. दरात चार टक्क्यांपर्यंत वरखाली झालं तरी मला झळ बसणार नाही एवढी जागा धरून ठेवते. रुपया पडला तर फायदा, रुपया सावरला तर थोडं कमी, महिनाभरात फार काही होत नाही.

आखाती चलनांची तर अजून मजेची गोष्ट, मला हे माहीतच नव्हतं, मस्कतच्या एका दादांनी सांगितलं. यूएईचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हलतच नाही. ओमानचा रियाल पण बांधलेला, एक रियाल म्हणजे २ डॉलर ६० सेंट. सौदीचा ३.७५, कतारचा ३.६४. म्हणजे डॉलरची किंमत एकदा ठरवली की या चार देशांच्या किमती एकदाच काढायच्या आणि विसरून जायचं, आपली डॉलरची किंमत बदलली तरच त्या बदलतील. माझी ६० डॉलरची जोडी म्हणजे २२० दिरहम, २३ रियाल ओमानी. मी आधी वेड्यासारखी दर महिन्याला सगळी वेगवेगळी बघत बसायचे. आता फक्त चार आकडे बघते, डॉलर, युरो, ऑस्ट्रेलियन डॉलर आणि येन. कॅनडावाल्यांना अमेरिकन डॉलर चालतो असं त्यांनीच सांगितलं.

येनवरून आठवलं. रुपयाचे शंभर पैसे, डॉलरचे शंभर सेंट, तर साइट गेटवेला रक्कम पाठवताना पैशात किंवा सेंटमध्ये पाठवते, ६० डॉलर म्हणजे ६००० असं. पण येनला सुटे नसतातच. टोकियोत राहणाऱ्या एका पुण्याच्या मुलाने ९,००० येनची ऑर्डर दिली आणि माझ्या साइटने सवयीने शंभराने गुणून गेटवेला ९,००,००० पाठवले. नऊ लाख येन! त्याच्या बँकेने नकार दिला म्हणून बरं, त्याने स्क्रीनशॉट पाठवला, "ताई हे काय आहे?" माझे हातपाय गार पडले. साइट करून देणाऱ्या मुलाने दहा मिनिटात दुरुस्त केलं, पण तोपर्यंत मी येन बंद करून ठेवला होता. आणि ओमानच्या रियालचं त्याच्या उलट, त्याला तीन दशांश असतात, एका रियालचे हजार बैसा, कुवेत आणि बहरीनच्या दिनारचंही तसंच. त्यामुळे नवीन चलन चालू केलं की पहिली ऑर्डर टेस्ट मोडमध्ये स्वतः टाकून बघते आणि गेटवेच्या डॅशबोर्डवर आकडा जुळतोय का ते बघूनच लोकांना दाखवते.

रिफंड हा सगळ्यात दुखरा भाग. चपलेचा धंदा म्हणजे साइज आलाच आणि साइज आला की परत करणं आलं. मेलबर्नच्या एका काकांनी मे महिन्यात ९५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरले, तेव्हा दर ५४ होता, म्हणजे ५,१३० रुपये. चप्पल घट्ट झाली, परत पाठवली, ती यायला जुलै उजाडला, दर ५६. त्यांना ९५ डॉलर पूर्ण परत द्यायचे म्हणजे माझे ५,३२० गेले. १९० रुपये दरात, आधी कापलेली फी परत मिळत नाही ती वेगळी, दरात पहिल्यांदा कापलेला टक्का वेगळा, जाण्याचं कुरियर वेगळं. पण काकांना मी एक सेंटही कमी दिला नाही, कारण त्यांनी ज्या चलनात भरले त्याच चलनात तेवढेच परत मिळणं हा त्यांचा हक्क आहे असं मी मानते. दराचा धोका विकणाऱ्याने घ्यायचा. काही जण रिफंड रुपयाच्या हिशोबाने करतात, म्हणजे गिऱ्हाइकाला ९५ च्या जागी ९१ मिळतात, मला ते अजिबात पटत नाही.

त्यावर इलाज म्हणजे रिफंडच कमी करणं. आता बाहेरच्या प्रत्येक ऑर्डरीला मी पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारून त्याचा फोटो मागते, कागदाच्या मापावरून पावलाची लांबी निघते. यात एक गोची अशी की अमेरिकेत आणि कॅनडात ए-फोर कागद नसतो, त्यांचा लेटर साइज असतो, लांबीला २७९ मिलिमीटर, आपला २९७. पहिल्या तीन अमेरिकन जोड्या मी याच चुकीमुळे मोठ्या पाठवल्या होत्या. आता विचारूनच घेते कुठला कागद. मामा फोटो बघतात आणि सांगतात, "हेचा अंगठा रुंद हाय, अर्धा नंबर वाढवून करू." त्यांचं चुकत नाही.

२०२५ चा ऑगस्ट मात्र कुणाच्याच हातात नव्हता. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावरून इकडे सगळीकडे बोललं गेलं, आणि माझ्याकडे अमेरिकेतून एकदम चौकशा वाढल्या, गणपती-दिवाळीसाठी म्हणून ऑर्डरी आल्या. मी बहुतेक पार्सलं पोस्टाने पाठवते, स्वस्त पडतं. आणि अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्टपासून काढली, वर भारतीय मालावर २७ ऑगस्टपासून ५० टक्के आयात कर, आणि पोस्टाने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं. माझ्या अकरा ऑर्डरींचे पैसे आलेले होते, डॉलरचे रुपये होऊन खात्यात पडलेले, आणि त्यातले निम्मे शनिवारी सुभाषनगरला पोचलेलेही होते कारण जोड्या तयार होत्या.

मी अकराही जणांना त्याच संध्याकाळी लिहिलं. जे झालंय ते सरळ सांगितलं आणि तीन मार्ग दिले, पूर्ण रिफंड, किंवा पोस्ट सुरू होईपर्यंत थांबणं, किंवा खाजगी कुरियरने कर भरून पाठवणं आणि वाढीव खर्च निम्मा माझा निम्मा तुमचा. चार जणांनी रिफंड घेतला, पाच जण थांबले, दोघांनी कुरियर घेतलं. पोस्ट १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं, पण कर आधीच भरून पाठवायचा अशा अटीवर. थांबलेल्या पाचही जणांच्या जोड्या उशिरा का होईना पोचल्या, एका ताईंनी दिवाळी होऊन गेल्यावर नऊवारीवर त्या घालून फोटो पाठवला, तो मी काकूंना दाखवला.

तेव्हापासून अमेरिकेच्या किमतीखाली मी स्पष्ट लिहिते, कर धरून की कर सोडून. युरोपचंही तसंच, १ जुलै २०२१ पासून तिकडे कितीही छोट्या पार्सलला व्हॅट लागतो, म्युनिकच्या एका ताईंना दारात १९ टक्के व्हॅट आणि वर पोस्टाचं हाताळणी शुल्क भरावं लागलं, आणि मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं, चूक माझी होती. यूकेला तर १३५ पाउंडपर्यंतच्या मालावर व्हॅट विक्रेत्यानेच गोळा करून तिथे भरायचा असा नियम आहे, २०२१ च्या जानेवारीपासून, त्यासाठी तिथली नोंदणी लागते, ते माझ्या आवाक्याबाहेरचं, म्हणून यूकेच्या लोकांना मी सरळ मार्केटप्लेसवरच्या माझ्या पानावर पाठवते, तिथे तो व्हॅट मार्केटप्लेस कापून भरतं. पाउंड माझ्या साइटवर नाहीच.

चार्जबॅक, म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागणं, एकदाच आला आणि तोही फसवणुकीचा नव्हता. टोरांटोच्या एका माणसाने बँकेला सांगितलं की हा व्यवहार मी केलेला नाही. त्याच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर माझ्या दुकानाचं नाव न येता माझ्या प्रोप्रायटरशिपचं नाव येत होतं, माझं पूर्ण नाव, ते त्याने कधी ऐकलेलंच नाही! दोन महिन्यांनी स्टेटमेंट बघताना त्याला वाटलं कुणीतरी कार्ड वापरलं. मी ट्रॅकिंग, पोचपावती, आणि त्याने स्वतः पाठवलेला पावलाचा फोटो असं सगळं जोडून पाठवलं, त्याला वेगळा मेलही केला, त्याने माफी मागून तक्रार मागे घेतली, पण तोवर तीन आठवडे ते पैसे अडकलेले. स्टेटमेंटवर काय नाव दिसतं हे गेटवेला सांगून बदलता येतं. पहिल्याच दिवशी बदला.

आणि एक हिशोबाची सवय. इनव्हॉइस ६० डॉलरचं असेल तर विक्री ६० चीच लिहायची आणि फी खर्चात दाखवायची, खात्यात आले तेवढीच विक्री असं लिहिलं तर बँकेच्या, कस्टमच्या आणि जीएसटीच्या तिन्ही कागदांवर तीन वेगळे आकडे होतात आणि मग वर्षाखेरीस एकेक ऑर्डर शोधत बसावं लागतं. गेटवेकडून परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र दर महिन्याला मागून घ्यायचं, तीन महिन्यांनी मागितलं की मिळतं पण छळ होतो. ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे बँकेत आल्याचा दाखला, आता डीजीएफटीच्या साइटवर आपणच आपलं करू शकतो, मी दर महिन्याच्या पाच तारखेला करते.

मामांना मी एकदा हे सगळं समजावून सांगत होते, डॉलर कसा येतो, दरात किती जातो वगैरे. ते ऐकत होते, हातातली वादी ओढत होते, आणि म्हणाले, "ताई, चामड्यात बी असंच असतंय बघा. वजनावर घेतलं तर भिजवून देत्यात. वाळल्यावर किती भरतंय ते बघायचं." मी तेच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मैत्रिणीला मी शेवटी एवढं करायला लावलं, आयईसीचा अर्ज त्याच दिवशी भरला, तो लगेच आला पण, गेटवेला परदेशी कार्डं चालू करायची विनंती टाकली, त्याला चार दिवस गेले, तेवढ्यात शारजाच्या ताईंना खरं काय ते सांगून थांबायला लावलं. खेळण्यांच्या सेटची किंमत ९५ दिरहम ठेवली, दिरहममध्येच दिसेल आणि दिरहममध्येच कापले जातील अशी. काल रात्री त्या ताईंनी पैसे भरले. परदेशी कार्डाचे पैसे आमच्या गेटवेला खात्यात यायला आठवडाभर लागतो. मैत्रिणीने वही केलीय, पाच रकाने आखून मला फोटो पाठवला, पहिल्या ओळीत तीन रकाने भरलेत, शेवटचे दोन पुढच्या मंगळवारी भरतील.